रविवारची मॅच गुरुवारी

मन्मथअप्पांना फुटबॉलला धड लाथ मारता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. लातुरात त्यांचं नाव फुटबॉलशी इतकं जोडलं गेलंय की लोकांना वाटतं, माणूस तरुणपणी मोठा खेळाडू असणार. कसला खेळाडू! औशाच्या एका शाळेत ते क्लार्क होते आणि आमच्या क्लबचे खजिनदार. मी त्याच क्लबात डाव्या बाजूला बॅक खेळायचो. आज मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी चड्डीवर पळालो असेन यावर विश्वास बसत नाही.

त्या काळी मराठवाड्यात आमची एक साखळी स्पर्धा चालायची. ब गट आणि अ गट. ब गटात पहिले दोन आले की ते थेट अ गटात. तिसऱ्यानं आणि चौथ्यानं आपसात एक मॅच खेळायची, जो जिंकेल तोही वर. प्लेऑफ हा शब्द आम्हाला नंतर टीव्हीनं शिकवला. आम्ही तिला जादा मॅच म्हणायचो. तिसरा नंबर आला की बाकीचे क्लब तोंड पाडून बसायचे, कारण वर्षभर पळून पुन्हा परीक्षाच. आमचे अप्पा मात्र खूश व्हायचे.

कारण त्यांचा हिशेब निराळा होता. थेट वर जाणाऱ्याचा पुढच्या हंगामाचा प्रवासखर्च संघटना द्यायची, म्हणजे द्यायचं कबूल करायची. ते पैसे यायचे हंगाम संपल्यावर, आणि तेही चार खेटे घातल्यावर. जादा मॅचचा सगळा खर्च आपल्या खिशातून, हरलो तर वर जाणंही गेलं; पण तिकिटाचे पैसे त्याच दिवशी, गेटवर, हातात. आणि आर या पार मॅच असल्यामुळं गर्दी साखळीतल्या कुठल्याही मॅचपेक्षा जास्त. "थेट गेलं की नाव मिळतंय," अप्पा म्हणायचे, "जादा मॅचला रोकड मिळती. नावानं बूट येत न्हाईत."

आता ती मॅच आपल्या मैदानावर घेण्याचा मान तिसऱ्या नंबराचा. पण लातूरच्या आमच्या मैदानाला भिंतच नव्हती. लोक सायकलवर एक पाय टेकवून, पानपट्टीच्या बाकावर बसून, शेजारच्या गच्चीवर दाणे खात फुकट मॅच बघायचे. मुदखेडच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानाला चारी बाजूंनी भिंत आणि आत शिरायला एकच फाटक. त्यामुळं आमच्यात एक पद्धत पडली होती. आपली घरची मॅच भिंतवाल्या क्लबाला देऊन टाकायची आणि गेटचे निम्मे पैसे घ्यायचे. याला 'मॅच देणं' म्हणत. मुलगी देणं म्हणतात त्याच सुरात म्हणत, आणि बोलणीही साधारण तशीच व्हायची.

त्र्याण्णव साली आम्ही तिसरे आलो आणि मुदखेड चौथं. संघटनेनं तारीख दिली रविवार, तीन ऑक्टोबर. अप्पांनी मॅच मुदखेडला दिली, निम्मं गेट ठरवलं, आणि मग त्यांच्या डोक्यात पुढचा विचार आला. रेल्वेचा पगार महिनाअखेरीला व्हायचा, तोही रोख. गुरुवारी, तीस तारखेला, सगळ्या कॉलनीच्या खिशात पैसे असणार. रविवारपर्यंत त्यातले निम्मे किराणा दुकानात गेलेले असणार. शिवाय बुधवारी गणपतीचं विसर्जन, म्हणजे दुसऱ्या दिवशी लोक मोकळे. त्यांनी मुदखेडच्या टीमचे सेक्रेटरी अमृतराव यांना शाळेतून ट्रंककॉल लावला आणि मॅच रविवारची गुरुवारी करून घेतली. अमृतराव स्वतः रेल्वेत गार्ड. त्यांनाही ते पटलं.

हे ठरलं त्या संध्याकाळी मी अप्पांच्या घरीच होतो. किल्लारीच्या अलीकडं, तेरणेच्या काठावरचं त्यांचं गाव. ते तिथून रोज लूनावर औशाला येऊन-जाऊन करायचे. घर जुन्या पद्धतीचं, दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडाच्या माळ्यावर चांगला हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात आत शिरलं की बाहेर यायला नको वाटायचं. मी ओट्यावर सुशीला खात बसलो होतो. हे मुरमुऱ्यांचं खाणं गोदावरीवहिनींच्या हातचं मी मागून खायचो. अप्पांची पोरगी शिल्पा पहिलीत होती आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळणार होती. बाप बुधवारी दुपारीच मुदखेडला निघणार म्हटल्यावर तिनं तोंड फुगवलं. अप्पा घुटमळले.

"रविवारीच ठिवू का मग?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"कशाला? गुरुवारीच घ्या," वहिनी म्हणाल्या. "म्हंजी रविवारी तुमी मोकळे. आपुन चाकूरला जाऊ. आई कवाची बोलावून राहिली."

चाकूर त्यांचं माहेर. हंगाम सुरू झाल्यापासून एकही रविवार अप्पा घरी नव्हते, त्यामुळं वहिनींचं म्हणणं अगदी रास्त होतं. शिल्पालाही आजीचं नाव ऐकून पटलं. एवढंच बोलणं झालं.

बुधवारी आम्ही एसटीनं नांदेड आणि तिथून पॅसेंजरनं मुदखेड गाठलं. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपलो. पहाटे आपल्या खालून कुणीतरी सतरंजी ओढतंय असं मला वाटलं, आणि शेजारच्या पोराला एक शिवी घालून मी पुन्हा झोपलो. सकाळी आम्ही चहा पीत असताना अमृतराव स्टेशनातून चालत आले. त्यांच्या हातात हिरवी झेंडी तशीच होती. ते सरळ अप्पांकडं गेले आणि म्हणाले, "मन्मथराव, तुमचं गाव औशाच्या पुढं का मागं?"

त्या गावात आम्ही काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. पुष्कळांनी लिहिलंय, फोटोही काढलेत. गोदावरीवहिनी आणि शिल्पा दोघीही गेल्या. ज्या भिंतींच्या गारव्याचं मला कौतुक होतं त्या भिंती आणि ते माळवद त्यांच्यावर आलं.

आमच्या टीममधली दोन पोरं त्याच पट्ट्यातली होती. त्यांचे आईबाप कसेबसे वाचले, पण पोरं ज्या खोलीत झोपायची ती खोली उरली नव्हती. ते आईबाप अप्पांच्या पाया पडले. तुम्ही मॅच गुरुवारी घेतली म्हणून आमचं लेकरू राहिलं, असं म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. माझं लेकरू असतं तर मीही तेच केलं असतं. पण अप्पा पत्र्याच्या शेडमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि लोक येऊन त्यांचे आभार मानत होते. मला त्या लोकांचा आणि देवाचा सारखाच राग आला होता.

हे आभार पुढंही थांबले नाहीत. त्या दोघांची लग्नं झाली तेव्हा पहिला मान अप्पांचा. एकाला मुलगा झाला, त्याचं नाव त्यानं मन्मथ ठेवलं. बारशाला अप्पा गेले, पाळण्याची दोरी एकदा ओढली, बाळाच्या मुठीत नोट ठेवली आणि पंगत बसायच्या आत निघून आले. मी रस्त्यात गाठून विचारलं तर म्हणाले, "पोटात बरं न्हाई." असं त्यांच्या पोटात प्रत्येक बारशाला व्हायचं.

त्या वर्षीची जादा मॅच झालीच नाही आणि साखळीही बंद पडली. पुढं कधीतरी पुन्हा सुरू झाली तेव्हा क्लब सांभाळायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून सगळंच अप्पांकडं आलं. त्यांनी एकच नियम केला. थेट वर जायचं, नाहीतर आहे तिथं राहायचं. जादा मॅच खेळायची नाही. नव्या पोरांना ते नीट समजावून सांगायचे: जादा मॅच म्हणजे गाडीभाडं आपलं, जेवण आपलं, कुणाचा पाय मोडला तर प्लास्टर आपलं, आणि हरलं की हातात भोपळा. थेट जाणाऱ्याला संघटना पोसते. पोरांना वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे. हाच माणूस नेमकं याच्या उलट गणित मांडायचा, आणि तेही इतकं बिनचूक की त्याच्यापुढं कुणाची मात्रा चालायची नाही, हे त्या पोरांना सांगून काय उपयोग होता?

दरम्यान लातूरचं जे व्हायचं ते झालं. पोरं मेरिटला येऊ लागली, मग बाहेरगावची पोरं येऊ लागली, मग त्यांच्यासाठी क्लास, क्लाससाठी होस्टेल, होस्टेलसाठी मेस. आमचं मैदान एका कडेनं खाल्लं जाऊ लागलं. गोलपोस्टाच्या मागं झेरॉक्सचं दुकान आलं, कॉर्नरवर मोटारसायकली लागू लागल्या. ज्या धंद्यानं मैदान खाल्लं त्याच धंद्यावर माझं घर चालतं, तेव्हा मी फार बोलू नये. आमच्या टीमलाही शेवटी क्लासनंच पोरं पुरवली. मेडिकलला एकदा नंबर हुकून पुन्हा वर्षभर बसलेली, म्हणजे रिपीटर. घरी जायला तोंड नाही आणि सकाळ-संध्याकाळ पुस्तक बघवत नाही, अशी पोरं खेळतात चांगली. कॅप्टन वरद नांदेडचा, बाप बँकेत, आणि पोराची बसायची ही तिसरी वेळ.

भूकंपाला वीस-एक वर्षं झाल्यावर हा क्लब पुन्हा एकदा ब गटात तिसरा आला. त्याआधी दोनदा तिसरे आलो होतो आणि दोन्ही वेळा अप्पांनी माघार घेतली होती. आता संघटनेनं कळवलं की तिसऱ्यांदा माघार घेतली तर क्लबचं नाव कायमचं कमी करू. चौथं कोण, तर पुन्हा मुदखेड. क्लबच्या खात्यात बॉल घ्यायलाही पैसे नव्हते. वरद माझ्याकडं आला आणि म्हणाला, "सर, आमचा एक रिझल्ट तरी लागू द्या." मी मोटारसायकल काढली.

अप्पा पुनर्वसनातल्या घरी राहतात. सरकारनं बांधून दिलेल्या दोन खोल्या. सिमेंटच्या, भूकंपानं पडणार नाहीत अशा. त्या खोल्यांत त्यांचे डबे, कपडे आणि देव राहतात. अप्पा स्वतः अंगणात बाजेवर झोपतात. थंडीत दोन चादरी, पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर. तोवर आत एकदाही पाठ टेकलेली नव्हती. गावातल्या बाकीच्यांनी पुन्हा लग्नं केली, नवी पोरं झाली, हळूहळू लोक आत झोपायला लागले. अप्पांनी लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, बघू. वीस वर्षं ते बघतच होते.

मी गेलो तेव्हा ते कांदा चिरत होते. एकट्यापुरता, अर्धाच. उरलेला अर्धा त्यांनी वाटीखाली झाकून ठेवला.

"अप्पा, ह्या बारी माघार घेतली तर नाव काढून टाकतील."

"काढू दे."

"पोरांनी वर्षभर घाम गाळलाय."

"मग दुसरे यायचं व्हतं. दुसऱ्याला थेट जाता येतंय. जादा मॅच परवडत न्हाई."

इथं माझा तोल गेला. मी म्हणालो, "मला नका सांगू परवडत नाही म्हणून. जादा मॅचमधी रोकड असती, हे मला तुम्हीच शिकवलंय. खात्यात एक रुपाया नाही. ही एक मॅच मुदखेडला दिली तर दोन वर्षं क्लब चालंल. हिशेब उलटा का करून राहिले?"

ते विळी बाजूला सारून म्हणाले, "बालाजी, लोकं म्हणतेत, तुमच्यामुळं पोरं वाचली. हाव, वाचली. बरं झालं. पर रविवारची मॅच रविवारीच ऱ्हायली असती तर गुरुवारी मी घरी असतो."

"घरी असता तर तुम्हीपण गेला असता."

"तेच म्हणून राहिलो की."

माझी एक खोड आहे. उत्तर सुचेनासं झालं की मी चिडतो. वर्गातही असंच होतं. मी उठून उभा राहिलो आणि फाडकन बोलून गेलो, "मग ह्या बारी तुम्ही येऊच नका. ऱ्हावा घरी. टीम मी घेऊन जातो."

बोललो आणि जीभ चावली. पण अप्पा रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा त्यांच्या उपयोगाचं काही बोललं होतं.

"तारीख कोणती हाय?" त्यांनी विचारलं.

"संघटनेनं रविवार दिलाय."

"रविवारीच ठिव. कुणी काय बी सांगू दे, तारीख हलवायची न्हाई. मग द्या मॅच मुदखेडला."

ही त्यांची एकच अट, आणि तीच नेमकी अवघड. लातुरात रविवार म्हणजे टेस्ट. आकाश कोसळलं तरी रविवारची टेस्ट होते. पालक त्याच रात्री मार्कांचा मेसेज येईल म्हणून फोन हातात घेऊन बसतात. सोपा उपाय मॅच गुरुवारी घेण्याचा होता, अमृतरावही फोनवर सहज म्हणून गेले, "गुरुवारी घेऊ का?" आणि मग दोन्ही बाजूंना आम्ही दोघं थांबलो. शेवटी मी आमच्या क्लासची टेस्टच सोमवारवर टाकली. क्लासच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की घरी कुणी वारलंय का. मी हो म्हणालो. अगदीच खोटं नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. मुदखेडची भिंत अजून शाबूत आहे. फाटकावर अमृतराव खुर्ची टाकून स्वतः तिकिटं फाडत बसले होते; रिटायर होऊन जमाना झाला, पण ती खुर्ची त्यांनी सोडली नाही. मला बघून त्यांनी विचारलं, "मन्मथराव?" मी म्हणालो, घरी आहेत. त्यांनी मान हलवली आणि पुढच्याचं तिकीट फाडलं. गर्दी अप्पांच्या हिशेबाप्रमाणं झाली. पोरांनी जीव तोडून खेळ केला. वरदनं एक गोल केला, मुदखेडनं दोन केले, आणि आम्ही हरलो. मुदखेड अ गटात गेलं, आम्ही ब गटातच राहिलो. पण क्लबचं नाव राहिलं, आणि निम्मं गेट घेऊन आम्ही परत आलो. ब गटातून थेट वर गेलेल्या दुसऱ्या नंबरच्या क्लबाला तेव्हा संघटनेचं नुसतं अभिनंदनाचं पत्र मिळालं होतं, हे मी वरदला परतीच्या गाडीत दोनदा सांगितलं. त्याला हसू आलं नाही.

सोमवारी सकाळी टेस्ट दुसऱ्यावर सोपवून मी पैसे घेऊन अप्पांकडं गेलो. अंगणात बाज दिसली नाही. दार उघडं होतं. आतल्या खोलीत, मधोमध, बाज टाकलेली होती आणि अप्पा तिच्या कडेवर बसले होते. अंघोळ केलेली, कपाळाला भस्म, अंगात धुतलेला सदरा. डोळे मात्र तारवटलेले.

मी पैसे पुढं केले. त्यांनी मोजले नाहीत, उशीखाली सारले.

"पोरं जेवली का तिथं?"

"जेवली. अमृतरावांनी पंगत घातली."

"सगळी आली का वापस?"

"सगळी आली. हरलो, अप्पा."

"ते आयकलं. वरदचा फोन आल्ता." मग ते म्हणाले, "शनिवारी आत झोपलो. काल बी. दार लावून."

"मग?"

"मग काय. काय बी झालं न्हाई."

या शब्दांत सुटका असायला हवी होती. ती नव्हती. कुणाला तरी यायला सांगितलेलं असावं, आपण तयार होऊन बसावं आणि त्यानं येऊच नये, तसा त्यांचा आवाज होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी मला रडू दिलं. भिंतीवर हात ठेवून ते वर छताकडं बघत राहिले. चांगलं मजबूत छत होतं.

"पुढच्या टायमाला मी येतो मुदखेडला," ते म्हणाले. "घरी राहून बघितलं."

मग ते उठले, उशी आणि चादर गोळा करून कोनाड्यात ठेवली आणि बाजेच्या एका टोकाला वाकले.

"धर पलीकडून."

मी पलीकडून धरली. दारातून ती आडवी करावी लागली. बाज आम्ही अंगणात, तिच्या जागेवर आणून ठेवली.